सहावी खुंटी

सरलाबाईंनी भिंतीतला प्लग उपटला आणि व्हॅक्यूम क्लीनर उर्जाच्या हातातच लांब सुस्कारा टाकून गप्प झाला.

"आता काय झालं, आई?"

"मल्हार आत्ता जिना उतरलाय. बसथांब्यापर्यंतसुद्धा पोचला नसेल. माणूस बाहेर पडल्यापडल्या मागनं केर काढतात का कुणी?"

उर्जाने घड्याळ पाहिलं, नळी भिंतीला टेकवली आणि सातव्या महिन्याचं पोट सावरत सोफ्यावर बसली. सासूबाईंना येऊन दोन महिने झाले होते आणि हा नियम तिला पहिल्याच आठवड्यात पाठ झाला होता. घरातून कुणी गेलं की तासभर झाडू नाही, व्हॅक्यूम नाही, टेबलावरचे पावाचे कणसुद्धा हाताने लोटायचे नाहीत. तिने पहिल्यांदा कारण विचारलं तेव्हा सरलाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या होत्या, की गेलेल्याच्या मागे लगेच घर झाडायची वेळ एकदाच येते, चौघांनी उचलून नेल्यावर. एरवी जो गेला तो परत यायचा असतो. त्यानंतर उर्जाने काही विचारलं नाही. सासरे, श्रीपादराव, एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी ओगलेवाडीच्या घरातून बाहेर पडले ते परत आले नव्हते, हे तिला लग्नाआधीच सांगितलेलं होतं. सरलाबाईंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि त्याविषयी कुणी बोलायचं नसतं, हेही.

यंदा मात्र बोलणं भाग पडलं होतं. मल्हारला आईला कायमचं इथे ठेवून घ्यायचं होतं. अर्जात फामिलिएनश्टांड नावाचा रकाना होता आणि त्यात चार चौकोन: अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, विधवा. 'बाहेर गेले आहेत' असा पाचवा चौकोन जर्मन सरकारला सुचला नव्हता. विवाहित म्हणावं तर नवरा कुठे आणि त्याचे कागद कुठे. वकिलाने वाट काढली होती. सरलाबाईंनी म्युनिकच्या कॉन्सुलेटमध्ये जाऊन एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची, की इतकी वर्षं पतीची काही खबर नाही, सबब ते हयात नाहीत असे मी मानते. पुढचं कराडचं कोर्ट पाहील. टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाला होता दहा नोव्हेंबरचा, सोमवारचा. सही केली नाही तर महिनाअखेर व्हिसा संपणार, आणि नातवंडाचं तोंड न बघता सरलाबाई परत त्या घरात, एकट्या.

त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. "बघू" म्हणाल्या होत्या. मल्हारच्या मते हा शब्द ओगलेवाडीत एकोणीस वर्षं टिकतो.

सरलाबाईंनी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत हजेरी घेतली होती. निवृत्तीनंतर हजेरीपट गेला, पण डोळ्यांची सवय गेली नाही. आणि मल्हारच्या ह्या जर्मन गावात, नेकारसुल्ममध्ये, हजेरी घेण्यासारखं एकच होतं, जिना. त्या जुन्या घरातले सात दरवाजे एकाच लाकडी जिन्यावर उघडत. जिना झाडायला बाई ठेवायची पद्धत तिथे नव्हती. एकेका बिऱ्हाडाकडे एकेक आठवडा येई, त्याला केअरवोखं म्हणत. केर हा आपलाच शब्द ह्यांनी नेलेला दिसतो, असं सरलाबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. मग मल्हारच्या कारखान्याच्या एका जुन्या डायरीत त्यांनी नोंदी सुरू केल्या.

तळमजल्यावरचे घरमालक हेर हेबर्ले, वय चौऱ्याऐंशी, एकेक पायरी तीनदा झाडतात, पेपर तपासल्यासारखी. शेजारच्या फ्राऊ क्नॉल चष्म्याशिवाय जेवढं दिसेल तेवढंच झाडतात. पहिल्या मजल्यावरचे दोन विद्यार्थी शनिवारी संध्याकाळी, एका हातात फोन. त्यांच्या समोरचे तुर्की गृहस्थ पायऱ्यांना उसासारखं पाणी देतात. दुसऱ्या मजल्यावर डावीकडे नर्सबाई. दमलेल्या असतात, पण कोपरा सोडत नाहीत. उजवीकडचं दार बंद. सगळ्यांत वर, छपराखाली, आपण.

खालच्या दारापाशी एक फळी होती. फळीवर पितळेच्या सात खुंट्या, प्रत्येक खुंटीवर काळ्या रंगात काढलेलं एक अक्षर, आणि ज्याचा आठवडा असेल त्याच्या खुंटीवर एक लाकडी पाटी. दर रविवारी सकाळी हेर हेबर्ले पाटी एक खुंटी पुढे सरकवत. अक्षरं ग्रीक होती. म्हाताऱ्याने चाळीस वर्षं गिम्नाझियममध्ये, म्हणजे इथल्या हायस्कुलात, ग्रीक शिकवलं होतं आणि आता शिकवायला फक्त भाडेकरू उरले होते.

ह्या फळीपायी मल्हार एकदा फसला होता. तो किस्सा तो स्वतः सांगत नसे, उर्जाने सांगितला. नवीन राहायला आले तेव्हा त्याने आपल्या खुंटीवरचं अक्षर ओळखलं: झीटा. इंजिनिअरिंगला चार वर्षं हीच अक्षरं घोटलेली. अल्फा, बीटा, गामा, डेल्टा, एप्सिलॉन, झीटा. आल्झो, म्हणजे आपण सहावे. सहाव्या आठवड्यात त्याने शनिवारी सगळा जिना झाडून, पुसून काढला. हेर हेबर्ले काठी टेकत वर आले आणि फार सभ्यपणे म्हणाले, की हेर वाटवे, हा आठवडा तुमचा नव्हे.

"आणि दुसऱ्या दिवशी," उर्जा म्हणाली, "सगळा कचरा परत पायऱ्यांवर होता. तीच पानं, तेच खडे. आदल्या दिवशी आम्ही बायोच्या, ओल्या कचऱ्याच्या, डब्यात टाकलेले. मल्हार म्हणतो, म्हाताऱ्यानेच पसरले."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी त्या आठवड्यात जिन्यावर फार थांबत नाही," उर्जा म्हणाली आणि पाणी प्यायला उठली.

सप्टेंबरात सहावा आठवडा आला तेव्हा सरलाबाईंनी नीट लक्ष ठेवलं. पाटी पाच दिवस सहाव्या खुंटीवर लटकत होती. त्या खुंटीवरचं अक्षर विळ्यासारखं वळलेलं, खाली बारीक शेपूट. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कुणी झाडू हातात धरला नाही. शनिवारी सकाळी जिना स्वच्छ होता. डायरीत कामाच्या रकान्यात 'झाले' असं लिहावं लागलं आणि नावाचा रकाना कोरा राहिला. एकतीस वर्षांत असा कोरा रकाना त्यांनी कुणाच्याही हजेरीपटात खपवून घेतला नव्हता.

त्या रविवारीच त्या उर्जाला घेऊन खाली गेल्या. म्हाताऱ्याला विद्यार्थी मिळाल्याचा आनंद झाला. त्याने हळूहळू सांगितलं, उर्जाने मराठीत आणलं. सहाव्या खुंटीवरचं हे अक्षर वर्णमालेतून दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी गेलं. त्याचा उच्चार लोकांच्या तोंडातून नाहीसा झाला, मग शब्दांतून ते अक्षर गेलं. पण ग्रीक लोक अक्षरांनीच मोजत, आणि मोजणीत त्याची जागा होती सहाची. ती त्यांनी काढली नाही.

"का नाही काढली, विचार."

उर्जाने विचारलं. म्हाताऱ्याने फळीवरच्या शेवटच्या खुंटीवर बोट ठेवलं.

"ते म्हणतात, ते काढलं तर सातवा सहावा होईल, आठवा सातवा होईल. एक गेलेला काढला की मागचे सगळेच चुकतात."

हे सरलाबाईंना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या वर्गात पटावरचं मूल मधेच कुठे निघून गेलं, तर वर्ष संपेपर्यंत त्याचा नंबर दुसऱ्याला देत नसत. रोज तो नंबर पुकारायचा, एवढं थांबायचं, पुढे जायचं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराकडे बोट केलं. तिथे कोण?

बहीण, म्हातारा म्हणाला. इर्मट्राउड. एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये टोपली घेऊन गेली, शनिवारपर्यंत येते म्हणाली, कारण तो तिचा झाडायचा आठवडा होता. पोलिसांनी नदीसुद्धा पाहिली. मग त्याने सरलाबाईंकडे बघत, उर्जाला मधे न घेता, शाळेतल्या इंग्रजीत एक वाक्य जुळवलं: तिची पाळी दुसऱ्या कुणाला दिली, तर ती परत आल्यावर तिला उभं कुठे करू?

झाडतं कोण, हेही सरलाबाईंनी विचारून घेतलंच. म्हाताऱ्याला प्रश्न विचित्र वाटला. सहाव्याचा आठवडा आहे, तर सहावाच झाडणार.

"म्हातारा स्वतःच झाडतो," रात्री जेवताना मल्हार म्हणाला. "पहाटे उठून. बहिणीसाठी. गेनाऊ, बरोब्बर एवढंच आहे ते. आई, तू डायरीत लिहून टाक त्याचं नाव आणि मोकळी हो."

सरलाबाईंनी लिहिलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी हेर हेबर्ले बागेत ओल्या पानांवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी स्ट्रेचर दाराबाहेर काढताना त्यांनी हात वर करून थांबवलं आणि जिन्यात गोळा झालेल्या बिऱ्हाडांवरून नजर फिरवत सरलाबाईंवर आणून ठेवली. फ्राऊ वाटवे, त्यांनी हाक मारली, आणि फळीकडे बोट केलं. पहाटे उठणारं माणूस घरात दुसरं नव्हतं, हे त्यांनीही आपल्या वहीत कुठेतरी टिपलं असावं.

त्या दिवशी तळमजल्याचा पॅसेज सरलाबाईंनी फ्राऊ क्नॉलना तासभर झाडू दिला नाही. हातवाऱ्यांनी.

दोन नोव्हेंबरच्या रविवारी त्यांनी पाटी पाचव्या खुंटीवरून काढली आणि सहाव्या खुंटीवर अडकवली. पितळ बोटांना फार गार लागलं. वर येताना दुसऱ्या मजल्यावर, त्या दारापाशी, त्या एवढं थांबल्या. वर्गात थांबत तेवढंच.

मल्हारला तर मजाच वाटत होती. "आता बघू कोण झाडतंय. तुझा कारागीर तर हॉस्पिटलात पाय वर करून पडलाय." मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "आई, सोमवारचं तिकीट काढलंय. तिघांचं. तू नाही म्हणालीस तर नाही. पण मला सांग तरी."

"बघू."

"बघू म्हणजे कधी?"

"शनिवारी सांगते."

शनिवारच का, हे त्याने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. त्यांनी मनाशी एक ठरवून टाकलं होतं, आणि ठरवताना स्वतःलाच हसूही आलं होतं. पोरांना चिंच की आवळा करून कौल घेताना पाहावं तसं. जिना झाडला गेला नाही, तर म्हाताराच झाडत होता. गेलेलं माणूस जातं, मागचे त्याची पाटी हलवत बसतात, एवढंच. मग सोमवारी सही. आणि झाडला गेला, तर गेलेली माणसं कुठेतरी आपली पाळी सांभाळून असतात. मग सही नाही, ओगलेवाडी.

त्या आठवड्यात त्यांना श्रीपादराव फार आठवले, आणि तेही झाडताना. सुट्टीच्या दिवशी अंगण झाडायची त्यांना हौस होती. गोल, टोकदार ढीग करत, तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर आपली डावी चप्पल ठेवत आणि हाक मारत, सरला, ढीग झालाय. ढीग करणं त्यांचं, भरणं हिचं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात झालेली वाटणी. त्या सकाळीही ढीग केला, वर चप्पल ठेवली, बूट घातले आणि येतोच म्हणाले. माणूस बाहेर गेलेला, म्हणून सरलाबाईंनी तासभर ढीग भरला नाही. मग दुपार झाली. मग पोलीस, नातेवाईक. आठ दिवस तो ढीग चपलेखाली तसाच होता. कुणी भरू लागलं तर त्या अंगावर जात. नवव्या दिवशी वाऱ्याने नेला. मल्हार तेव्हा मामाकडे साताऱ्याला होता. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं त्यात काही होतं असं सरलाबाईंना वाटलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्या तळापर्यंत उतरून वर आल्या. विद्यार्थ्यांच्या दारापाशी सिगरेटचा कागद एक. लिंडेनची पानं अकरा. नर्सबाईंच्या कोटाची निळी लोकर, बोटभर. तुर्की बिऱ्हाडाच्या बुटांतले खडे, पाच मोठे, बारीक बरेच. सगळं त्यांनी डायरीत उतरवलं, दिवस आणि वेळ घातली आणि डायरी उशाशी ठेवली.

शनिवारी सकाळी साडेसहाला त्या चहा ठेवत होत्या. खिडकीबाहेर नुकतं फटफटू लागलं होतं. आवाज आला तेव्हा प्रथम त्यांना चहालाच आधण आलं असं वाटलं. सर्र, आणि थांबणं. सर्र, आणि थांबणं. खालून. फार खालून.

त्यांनी शेगडी बंद केली.

इथे सगळे वरून खाली झाडत. नाहीतर वरचा केर झाडलेल्या पायरीवर पडणार. हा आवाज खालून वर येत होता. पहिल्या मजल्याचं वळण त्याने घेतलं ते त्यांना कळलं, कारण तिथली तिसरी फळी कुणी पाय दिला की करकरते. ती करकरली नाही, पण झाडू तेवढा फिरला. दुसऱ्या मजल्यावर आवाज जरा रेंगाळला. त्या बंद दारापाशी आता तो संपेल, असं सरलाबाईंनी धरलं. कोऱ्या रकान्यात काय लिहायचं ते कळेल, आणि सोमवारचं तिकीट वाया जाईल.

तो संपला नाही. उरलेल्या चौदा पायऱ्या त्याने घाई न करता घेतल्या. त्यांनी मोजल्या. मग दाराच्या बाहेर, अगदी उंबऱ्याशी, चारी बाजूंनी ओढून घेतल्यासारखे आखूड फटकारे, गोल. मग काही नाही.

खाली उतरणारी पावलं त्यांनी ऐकायची वाट पाहिली. चहावर साय धरली. पावलं आली नाहीत.

त्यांनी दार उघडून दिव्याचं बटण दाबलं. जिना तळापर्यंत स्वच्छ होता. उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर केराचा ढीग होता, गोल, वर टोक काढलेला. एक सिगरेटचा कागद. निळी लोकर. पानं त्यांनी मोजली नाहीत, कारण पानांवर बूट होता. दाराबाहेरच्या रॅकमधला मल्हारचा डावा बूट. उजवा आपल्या जागी होता.

सरलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या.

जिन्यातला दिवा ठरल्या वेळेने आपोआप विझला. त्यांनी परत लावला नाही. खिडकीतून येत होतं तेवढ्या उजेडात त्या खाली बसल्या, बूट उचलून त्याच्या जोडीशेजारी ठेवला, आतून सुपली आणून ढीग भरला. एक खडा फटीत गेला होता, तो नखाने काढून घेतला. एकोणीस वर्षं भरायचा राहिलेला ढीग भरून, सुपली रिकामी करून आल्या तेव्हा घरात कुणी उठलं नव्हतं. फडताळामागून त्यांनी आपला झाडू काढला, ओगलेवाडीहून बॅगेत तिरका घालून आणलेला, आणि पदर खोचून आतल्या खोलीपासून सुरुवात केली.

आवाजाने मल्हार जागा झाला. "आई, शनिवार आहे," तो पांघरुणातूनच म्हणाला, आणि कूस बदलून परत झोपला.

उर्जा मात्र उठून बाहेर आली. बाहेरचं दार सताड उघडं होतं. गार वारा आत येत होता. सासूबाई पलंगाखालून, सोफ्यामागून, देवाच्या फळीखालून केर ओढत दाराकडे आणत होत्या, मधे न थांबता. उर्जाने वळून झोपलेल्या मल्हारकडे पाहिलं, मग दाराकडे. हात पोटावर गेला.

"आई," तिने विचारलं, "कोण गेलं?"

सरलाबाईंनी शेवटचा केर उंबऱ्याबाहेर लोटला. पाठ सरळ केली.

"सोमवारची गाडी," त्या म्हणाल्या, "किती वाजताची आहे?"